ठाण्यात जुन्या फ्लॅटचं नूतनीकरण: कंत्राटदाराचं कोटेशन कसं वाचायचं?

तिसरा_मजला

नौपाड्यातली १९९४ ची सात मजली इमारत, आमचा तिसरा मजला, ६२० चौ.फू. कार्पेट. कामं अशी: दोन्ही बाथरूम तोडून नव्याने, किचनचा ओटा, पूर्ण वायरिंग, शेवटी रंग. मधल्या बाथरूमखाली दुसऱ्या मजल्याच्या छताला ओल आहे, म्हणजे वॉटरप्रूफिंग आलंच.

दोन स्थानिक कंत्राटदारांची कोटेशनं हातात आहेत. पहिलं ४ लाख ८० हजारांचं, एका पानावर सहा ओळी. त्यातली एक ओळ: "बाथरूम कम्प्लीट, २ नग". दुसरं ६ लाख १० हजारांचं, चार पानं, बाबवार. हा १ लाख ३० हजारांचा फरक कशाचा, ते कसं ओळखायचं? मटेरियल आपण आणावं की त्यांच्यावर सोडावं? ॲडव्हान्स किती? पावसाळ्याआधी संपवायचं आहे.

ओळंबा

या दोन कोटेशनांची तुलना होऊच शकत नाही. दुसऱ्यात काय आहे ते लिहिलंय, पहिल्यात काय नाही ते लिहिलेलं नाही. "कम्प्लीट" म्हणजे कंत्राटदाराच्या मनातलं कम्प्लीट. दोघांना एकच कागद द्या, तुम्ही बनवलेला, आणि त्यावर दर भरून मागा. एका बाथरूमसाठी त्यात निदान एवढं हवं:

तोडफोड कुठपर्यंत, फक्त लादी की खाली स्लॅबपर्यंत? भिंतीचं जुनं प्लास्टर काढणार की टाचे मारून त्यावरच लादी लावणार? राबिट (तोडफोडीचा मलबा) खाली उतरवणं आणि टेम्पोने नेणं दरात आहे का? संकन (जुन्या बाथरूमचा स्लॅब फूटभर खाली असतो तो खड्डा) कशाने भरणार? वॉटरप्रूफिंग कुठल्या प्रकारचं, किती कोट, भिंतीवर किती उंच? पाणी भरून टेस्ट किती तासांची आणि किती वेळा? पाइप सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारं प्लास्टिक) कुठल्या एसडीआरचा, म्हणजे किती जाडीचा? लादी सिमेंटवर की ॲडेसिव्हवर? सांधे साध्या ग्राउटने की इपॉक्सीने? नळ, कमोड, गीझर बसवण्याची मजुरी धरली आहे का?

याची उत्तरं आली की १ लाख ३० हजार कुठे गेले ते दिसेल. स्वस्त कोटेशनमध्ये पहिला बळी बहुतेक वेळा संकनचा जातो. वरची लादी काढायची, जुना कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) तसाच ठेवायचा, वर पातळ थर आणि नवी लादी. दिसायला बाथरूम नवं, पण खालच्या मजल्याची ओल जशीच्या तशी, कारण गळणारा सांधा कोब्याच्या पोटात आहे. तुमच्याकडे आधीच ओल असल्यामुळे स्लॅबपर्यंत तोडण्याला पर्याय नाही.

हिशेबी

राबिटाचा अंदाज स्वतः काढा, कारण "डेब्रिज एक्स्ट्रा" या दोन शब्दांत बरंच काही बसतं.

बाथरूम ७ × ५ फूट धरू. परिमिती २४ फूट, लादी ७ फूट उंच म्हणजे १६८, दार वजा करून साधारण १५० चौ.फू. भिंत. लादी आणि प्लास्टर मिळून २ इंच जाडी, म्हणजे २५ घनफूट. संकन ३५ चौ.फू. × १ फूट, म्हणजे ३५ घनफूट. बेरीज ६०. फोडलेला माल फुगतो, दीडपट धरा: ९० घनफूट, जवळजवळ एक ब्रास (१०० घनफूट). सिमेंटच्या रिकाम्या गोणीत उचलता येईल इतकं भरलं तर एक घनफूटच्या आसपास बसतं. म्हणजे एका बाथरूमच्या ९०-१०० गोण्या, दोन बाथरूमच्या दोनशेच्या घरात. सोसायटी लिफ्ट देणार नसेल तर एवढ्या गोण्या तीन मजले डोक्यावरून उतरणार. ही मजुरी कोणाची, ते आज लिहून घ्या.

(पुण्यात याला राडारोडा म्हणतात. बिलात मात्र दोन्हीकडे "एक्स्ट्रा".)

ओळंबा

हिशेबींच्या गणिताला एक जोड. या गोण्या उतरवायच्या नसतात म्हणून बरेच जण तेच राबिट पुन्हा संकनमध्ये भरतात. त्यात जुन्या पीओपीचे तुकडे, लाकूड, प्लास्टिक, सगळं असतं. पीओपी पाणी धरून ठेवतं, लाकूड कुजून पोकळी होते, वरचा कोबा बसतो आणि सहा महिन्यांत नहाणी ट्रॅपभोवतीची लादी हलायला लागते. भरावाचा माल बाहेरून आला पाहिजे: स्वच्छ विटांचे तुकडे किंवा हलक्या एएसी ब्लॉकचे तुकडे. ३५ घनफूट म्हणजे एक घनमीटर. विटांचा कोबा केला तर पावणेदोन-दोन टन वजन, एएसीचे तुकडे वापरले तर त्याच्या निम्म्याहून कमी. तीस वर्षांच्या स्लॅबवर मी तरी हलका भराव घेईन.

पावसाळी

विटांचा कोबा वर्षानुवर्षं चालत आलाय, तो काय वाईट? हे केमिकलवाले दोन डबे फासतात आणि दहा वर्षांची गॅरंटी लिहून देतात. त्या गॅरंटीची किंमत कागदाच्या रद्दीएवढी.

ओळंबा

कोबा वाईट नाही. पण कोबा भराव आणि ढाळ देतो, एकटा तो पाणी अडवत नाही. आणि गॅरंटीबद्दल तुमच्याशी सहमत. गॅरंटीपेक्षा क्रम बघा, कारण गळती चुकलेल्या क्रमातून येते:

१. स्लॅब उघडा करून ब्रशने घासून धुणे. पाइप जिथे भिंतीतून किंवा स्लॅबमधून जातात तिथली भोकं नॉन-श्रिंक ग्राउटने भरणे. साध्या सिमेंटने भरलं तर सुकताना आकसून पाइपभोवती केसाएवढी फट राहते. बहुतेक गळत्या इथल्याच.

२. भिंत आणि स्लॅबच्या कोपऱ्यात सिमेंटचा गोल वाटा. काटकोनात कोट फाटतो.

३. सिमेंटमध्ये मिसळायच्या पॉलिमरचे दोन कोट, पहिला आडवा, दुसरा उभा, मध्ये डब्यावर दिलं असेल तेवढं अंतर. कोपऱ्यांवर आणि पाइपभोवती फायबरची जाळी. संकनच्या बाजू वरपर्यंत, तिथून भिंतीवर आणखी फूटभर.

४. कोट वाळल्यावर सगळी तोंडं बंद करून पाणी भरणे, निदान ४८ तास. भिंतीवर पेन्सिलीने पातळीची रेघ आणि बाजूला तारीख-वेळ. दोन-चार मिलिमीटर उतरलं तर ते बाष्पीभवन, इंचभर उतरलं तर गळती. खालच्या घरात जाऊन छत बघणे हाही टेस्टचाच भाग.

५. कोटावर पातळ सिमेंटचा संरक्षक थर. हा विसरला की पुढचे लोक घमेली आपटून कोट फाडतात.

६. ड्रेनेजचे पाइप, मग भराव, मग ढाळाचा कोबा, आणि त्यावर पुन्हा दोन कोट. या वेळी शॉवरच्या भिंतीवर सहा-सात फूट, बाकी भिंतींवर फूटभर. पुन्हा पाणी भरणे. मगच लादी.

मालाचा हिशेब साधा आहे. डब्यावर एका किलोत किती क्षेत्र होतं ते छापलेलं असतं. क्षेत्र मोजा, भागाकार करा आणि रिकामे डबे मोजून मगच बाहेर जाऊ द्या.

सदस्य_सचिव

काम सुरू करण्याआधी सोसायटीला लेखी अर्ज द्या, सोबत कामाची यादी आणि बाथरूमचा नकाशा. कॉलम, बीम, स्लॅब यांना हात लावणार नाही हे त्यात लिहा. भिंत पाडायची किंवा ड्राय बाल्कनीत बाथरूम सरकवायचं असेल तर विषय सोसायटीपुरता राहत नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र आणि महापालिकेची परवानगी लागते.

अनामत, कामाचे तास, लिफ्टचे नियम आणि मजुरांची नावं कंत्राटदाराला आधीच कळवा. दुपारी दोन ते चार ड्रिल बंद असेल तर त्याचं दिवसाचं गणित बदलतं, आणि ते त्याला काम सुरू झाल्यावर कळलं तर "उशीर सोसायटीमुळे" हे वाक्य तयारच असतं.

ओल नेमकी कुठून येते तेही आधी ठरवा. आदर्श उपविधींनुसार गच्चीतून येणारं पावसाचं पाणी आणि बाहेरच्या सामाईक पाइपलाइनची गळती दुरुस्त करणं सोसायटीचं काम आहे. तुमच्या बाथरूमची बाहेरची भिंत डक्टला लागून असेल, तर डक्टमधला जुना बिडाचा पाइप फुटलेला नाही ना ते आधी तपासा. तो फुटका असेल तर आतून कितीही कोट मारा, ओल जाणार नाही.

उंबरठा

वाचतेय. एक अवांतर पण महत्त्वाचा प्रश्न: आमची इमारत नवी आहे, ताबा तीन वर्षांपूर्वी मिळाला. बाथरूमची लादी आवडत नाही म्हणून बदलायची आहे. तिथेही हेच सगळं?

सदस्य_सचिव

उंबरठाताई, शक्यतो फोडू नका. रेरा कायद्यात ताब्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी बिल्डरवर आहे. तुम्ही स्वतः बाथरूम फोडलं की पुढच्या प्रत्येक गळतीला बिल्डर तुमच्या गवंड्याकडे बोट दाखवणार. फारच हौस असेल तर जुन्या लादीवर लादी लावता येते, त्यासाठीचं वेगळं ॲडेसिव्ह मिळतं. फक्त जमिनीवर तसं केलं तर उंबरठ्याची आणि ट्रॅपच्या जाळीची उंची जुळवावी लागते, नाहीतर पाणी बेडरूमच्या दिशेने.

फेजन्यूट्रल

वायरिंगवर कोणीच बोललं नाही, म्हणून. "पूर्ण वायरिंग" ही एक ओळ असेल तर ती खोडून पॉइंटवार यादी मागा. लाइट-पंख्याला १.५ चौ.मिमी., १६ अँपिअरच्या प्लगला २.५, एसीला ४. साठवणीच्या २ किलोवॅट गीझरला २.५ पुरते (२००० ÷ २३० म्हणजे ९ अँपिअरच्या आत). पण भिंत उघडीच आहे, तर तिथेही ४ टाकून घ्या, फरक काही मीटर तारेचा. प्रत्येक सर्किटला स्वतंत्र एमसीबी: लाइटला १०, २.५ च्या तारेला १६, ४ च्या तारेला २०. तारेपेक्षा मोठा एमसीबी लावला तर तार आधी जळते, एमसीबी नंतर पडतो. "सारखा ट्रिप होतो म्हणून ३२ चा टाकला" असं म्हणणारा इलेक्ट्रिशियन दाराबाहेरच बरा.

३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) घालाच. ती घातल्यावर एक नेहमीचा घोळ होतो: जुन्या घरात दोन सर्किटचे न्यूट्रल कुठल्यातरी बोर्डात एकत्र बांधलेले असतात. फेज एका वाटेने, परतीचा प्रवाह दुसऱ्या वाटेने, आणि आरसीसीबी दर पाच मिनिटांनी पडते. मग कंत्राटदार म्हणतो "तुमच्या घराला ही चालत नाही" आणि काढून टाकतो. काढू देऊ नका. प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल त्याच्या स्वतःच्या फेजबरोबर डीबीपर्यंत (एमसीबींच्या मुख्य बोर्डापर्यंत) वेगळा आला पाहिजे, एवढंच म्हणणं आहे.

तारेच्या ९० मीटरच्या कॉइल सीलबंद येऊ द्या, आणि भिंतीत जाण्याआधी तारेवरची आयएसआयची छपाई आणि आकार वाचा. पाइप २५ मिमी. घ्या, २० मध्ये तारा कोंबल्या की पुढे एखादी बदलायची म्हटली तर ओढता येत नाही. झिरी भरण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो, शेजारी मोजपट्टी धरून. दोन वर्षांनी खिळा ठोकताना त्या फोटोची किंमत कळते.

महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यायचा असेल तर परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. तुमच्या कंत्राटदाराच्या माणसाकडे तो परवाना आहे का, विचारा.

सॅनहोजेकर

इकडे कॅलिफोर्नियात घरदुरुस्तीच्या कंत्राटदाराला राज्याचा परवाना लागतो. २०२५ पासून १,००० डॉलरच्या आतली किरकोळ कामं तेवढी त्यातून सुटतात. आणि ॲडव्हान्सवर कायद्याचीच मर्यादा आहे: कराराच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, जे कमी असेल ते. परवाना क्रमांक टाकला की तो चालू आहे की निलंबित, हे कोणालाही ऑनलाइन दिसतं. तिकडे असं काही आहे का?

हिशेबी

घराचं सिव्हिल काम करणाऱ्याला इथे असा परवाना नाही, ॲडव्हान्सवर मर्यादाही नाही. कागद आपणच करायचा. स्टॅम्प पेपर किमान ५०० चा, १०० चा आता चालत नाही.

हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधा, तारखांना नको. मी असे पाडेन: सुरुवातीला १० टक्के, तोडफोड होऊन राबिट इमारतीबाहेर गेल्यावर १५, भिंतीतले पाइप-तारा होऊन प्रेशर टेस्ट झाल्यावर २०, वॉटरप्रूफिंग होऊन पाण्याची टेस्ट झाल्यावर २०, लादी आणि ओटा झाल्यावर २०, नळ-कमोड-रंग झाल्यावर १०, आणि ५ टक्के एक पावसाळा उलटल्यावर. जे काम झाकलं जाणार आहे त्याचे पैसे तपासल्याशिवाय सुटत नाहीत, एवढंच यातलं सूत्र.

कंत्राटदाराचं १८ टक्के जीएसटी "पाहिजे असेल तर" असं असेल, तर आधी त्याची नोंदणी आहे का ते विचारा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी बंधनकारक नसते, पण मग त्याने जीएसटी लावायचाही नसतो. नोंदणी नाही आणि बिलात कर आहे, हे मिश्रण घेऊ नका. शिवाय एका कामापोटी दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही. बँकेतून द्या, वाद झाला तर तोच पुरावा.

पावसाळी

हिशेबी, कागदावर छान. छोटा कंत्राटदार मजुरांना दर शनिवारी पैसे वाटतो. त्याचं भांडवल असतं किती? १० टक्क्यांत पहिल्या आठवड्याची मजुरी आणि टेम्पो संपला की तो दुसऱ्या साइटवरून पैसे उचलतो, आणि मग माणसंही त्या साइटवर जातात. तुमचं काम आठवडाभर बंद. "पळाला" म्हणतात तो असा पळतो.

हिशेबी

मान्य. म्हणून माल आणि मजुरी वेगळी करा. सिमेंट, रेती, पाइप, तार, केमिकल यांचे पैसे परस्पर दुकानदाराला, कंत्राटदाराच्या यादीप्रमाणे, बिल तुमच्या नावावर. मजुरीचा टप्पा मोठा असेल तर आतल्या आत आठवड्याची उचल ठरवा, पण झालेल्या कामाच्या आतच. आणि करार करताना विचारा: आत्ता किती साइट चालू आहेत, तुमच्याकडे गवंडी कोण आणि बिगारी किती? एका बाथरूमला एक गवंडी, दोन बिगारी, एक प्लंबर सलग मिळाले पाहिजेत.

ओळंबा

साइटवरून आठवलं. कंत्राटदार झालेल्या घरांचे फोटो दाखवतो, ते बघू नका. अर्धवट चालू असलेली साइट दाखवायला सांगा आणि लादी लागण्याआधीच्या बाथरूममध्ये उभे राहा. ड्रेनेजच्या पाइपांची तोंडं डमीने (तात्पुरत्या टोपणाने) किंवा निदान गोणपाटाने बंद आहेत का? उघडी असतील तर सिमेंट आत जातंय आणि राहायला आल्यावर कमोड तुंबणार. गवंड्याच्या हाताशी ओळंबा, गुण्या, लेव्हल पाइप दिसतात का? सीपीव्हीसीच्या सांध्यांना सीपीव्हीसीचंच सोल्युशन आहे की कोपऱ्यात यूपीव्हीसीचा डबा पडलाय? चुकीच्या सोल्युशनचा सांधा थंड पाण्याला टिकतो आणि गीझर सुरू झाल्यावर सुटतो. दहा मिनिटं पुरतात.

प्रेशर टेस्ट कराराच्या कागदात आकड्यासह लिहा. हातपंप आणि मीटर लावून १० किलोपर्यंत (दर चौ.सेंमी.ला) दाब, निदान दोन तास काटा हलता कामा नये, शेवटचा सांधा केल्यावर चोवीस तासांनी. तुमच्या वर चार मजले, टाकीचा दाब फार तर सव्वा ते दीड किलो, म्हणून "एवढ्याची काय गरज" असं म्हणतील. गरज अशी की विसरलेला, सोल्युशन न लावलेला सांधा कमी दाबाला नुसत्या घट्टपणावर तग धरतो. नळ सोडून ठेवला आणि "गळत नाही बघा" म्हणाले, ती टेस्ट नव्हे.

कडप्पा

ओट्याबद्दल थोडक्यात. उंची घरात स्वयंपाक जास्त कोण करतं त्याप्रमाणे, साधारण ३३-३४ इंच. ती तयार जमिनीपासून मोजा. लादी नंतर लागणार असेल तर दोन इंच आधीच गेले. ओट्याची खोली (पुढच्या कडेपासून भिंतीपर्यंत) २४-२५ इंच. ग्रॅनाइट १६-१८ मिमी., खाली कडप्प्याचा आधार. सिंक आणि शेगडीची खाच कापण्याआधी ती सिंक आणि ती शेगडी घरात आलेली असावी. "स्टँडर्ड साइज" म्हणून कापलं की कोपऱ्याला तडा जातो, नाहीतर फट राहते. मोजमाप रनिंग फुटात की चौरस फुटात, आणि मोल्डिंगचे पैसे वेगळे का, हे दर ठरवतानाच विचारा.

तिसरा_मजला

सगळ्यांचे आभार. मोजमापाचा विषय निघालाच आहे तर: दुसऱ्या कोटेशनमध्ये "प्रत्यक्ष मोजमापाप्रमाणे" असं आहे. प्लास्टर आणि रंगात दारं-खिडक्या वजा होतात की नाही? आणि लादी मी आणायचं ठरवलं तर किती आणू?

ओळंबा

मोजमापासाठी करारात "आयएस १२०० प्रमाणे" (बांधकामाच्या मोजमापाचं भारतीय मानक) एवढे शब्द टाका. प्लास्टरमध्ये अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं भोक वजा होत नाही, अर्धा ते तीन चौ.मी. असेल तर एकाच बाजूचं वजा होतं, कारण कडांचं काम करावं लागतं. तीनच्या वर असेल तर दोन्ही बाजूंचं वजा आणि कडा वेगळ्या मोजायच्या. हे ठरलेलं नसेल तर शेवटच्या दिवशी टेप घेऊन भांडण.

लादी: हिशेबींची १५० चौ.फू. भिंत घ्या. १० टक्के तुटफूट धरून १६५. ३०० × ६०० मिमी.च्या पाच नगांच्या बॉक्समध्ये ९.६९ चौ.फू. येतात, म्हणजे १७ च्या किंचित वर, १८ बॉक्स. जमिनीला वेगळी, न घसरणारी: ३५ + १० टक्के, म्हणजे ३०० × ३०० चे ४० नग. सगळ्या बॉक्सवरचा बॅच आणि शेड क्रमांक एकच हवा, माल उतरवून घेतानाच वाचा. नंतर दोन बॉक्स कमी पडले तर तीच शेड मिळेल याची खात्री नसते, आणि फरक लाइट लागल्यावर दिसतो.

ॲडेसिव्हची २० किलोची गोणी ३ मिमी. थराला ४५-५५ चौ.फू. जाते. म्हणजे या बाथरूमला चार, एक जास्तीची ठेवा. सात-आठ लागल्या तर समजा प्लास्टर ओळंब्यात नव्हतं आणि वाकडेपणा ॲडेसिव्हने भरून काढला. व्हिट्रिफाइड लादी अर्धा टक्काही पाणी शोषत नाही, ती साध्या सिमेंटच्या पेस्टवर नीट धरत नाही, तिथे ॲडेसिव्हच. आणि लादीच्या मागे पाच गोळे लावून दाबणं थांबवा. कोपरे पोकळ राहतात, पोकळीत पाणी साठतं. दात्यांच्या थापीने पूर्ण पसरलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी नाण्याने वाजवा, पोकळ आवाज आला तर तीच लादी तेव्हाच काढायला लावा.

अजून एक, कमोड विकत घेण्याआधी. जुन्या इमारतीत बहुधा एस ट्रॅप, म्हणजे आउटलेट जमिनीत असतं. तयार भिंतीपासून त्याच्या मध्यापर्यंत ९ इंच की १२ इंच ते मोजा. दुकानातला सुंदर कमोड पी ट्रॅपचा, म्हणजे आउटलेट भिंतीकडे असलेला निघाला तर जोडणीसाठी वाकडीतिकडी बेंड लावतात आणि तिथेच तुंबतं.

उंबरठा

ढाळ किती असावा? आमच्याकडे दारात पाणी साचतं, कंत्राटदार म्हणतो "एवढं असतंच".

ओळंबा

नसतं. ८० ला १ धरा, म्हणजे सात फुटांत साधारण एक इंच, ट्रॅपकडे. शॉवरखाली थोडा जास्त. लादी लावण्याआधी कोब्यावर बादलीभर पाणी ओतून बघायचं. लादी लागल्यावर ढाळ दुरुस्त होत नाही.

सदस्य_सचिव

आणि वाद झालाच तर: पैसे घेऊन केलेलं घराचं काम ही ग्राहक कायद्यात "सेवा" आहे. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मग जिल्हा आयोग. ५० लाखांपर्यंतच्या मोबदल्याचा दावा तिथेच चालतो, मुदत दोन वर्षं. तिथे करार, बँकेच्या नोंदी आणि तारखांसह फोटो हेच बोलतात. वाढीव काम तोंडी सांगू नका. व्हॉट्सॲपवर "हे जास्तीचं, इतके रुपये, इतके दिवस" आणि पलीकडून "ओके" आल्यावरच हातोडा.

तिसरा_मजला

कागद दोघांना पाठवला, उत्तरं आली. पहिल्याने संकनपर्यंत तोडणं, राबिट, प्रेशर टेस्ट आणि ॲडेसिव्ह धरल्यावर ४.८० चे ५.७५ झाले. पाण्याच्या टेस्टपुढे लिहिलंय "गरज नाही, आमचं काम पक्कं असतं". दुसरा ६.१० वरच आहे, ४८ तासांच्या दोन्ही टेस्टना तयार, पण ५ टक्के पावसाळ्यापर्यंत ठेवायला नाही म्हणतो. तीन महिने चालेल म्हणाला.

हिशेबी

फरक ३५ हजारांवर आला. तीन महिन्यांची मोजणी काम संपल्यापासून नको, १ जूनपासून लिहा. तो बहुतेक मान्य करेल.

ओळंबा

दुसरा घ्या. पाणी भरायच्या तारखा करारातच घाला. आणि त्या चार दिवसांत दुसऱ्या मजल्यावरचे लोक घराला कुलूप लावून गावाला जाणार नाहीत ना, ते आजच विचारून ठेवा.